ऐकणाऱ्यालाही दिसले पाहिजे

(दुबलगुंडी येथे शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शाळेच्या ओट्यावर बसून पाढे म्हटले, त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे मनुष्य थोडा भांबावतो. माझे भांबावणे दुहेरी आहे. माझा व्यवसाय बोलण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. चित्रपटाच्या सेटवर कानांना हेडफोन लावून इतरांचे बोलणे टिपून घेणे, हेच मी आयुष्यभर करीत आलो. माणसे बोलू लागली की मी गप्प बसतो. त्याबद्दल मला मोबदला मिळतो. आज आपण उलट अपेक्षा केली आहे. ती कितपत पुरी होईल हे आपणच ठरवावे.

व्याख्यानाचा विषय कोणता, असे मला दूरध्वनीवर विचारण्यात आले. मी सांगितले, ‘चित्रीकरणाच्या जागी ध्वनिलेखकाला स्वच्छ चित्र दिसण्याची सोय, आणि ती त्याच्या खिशाला परवडेल अशी कशी करावी.’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग अत्यंत सौजन्याने प्रश्न आला, ‘हे आपल्या दुबलगुंडीत कोणाच्या उपयोगाचे?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणजेच आजचे हे व्याख्यान आहे, असे समजावे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या एका सवयीची आठवण येथील जुन्या विद्यार्थ्यांना असेलच. गुरुजी फळ्यावर लिहीत असताना कधीही बोलत नसत. लिहून झाले की खडू खाली ठेवीत, पूर्ण वळून वर्गाकडे तोंड करीत आणि मग बोलत. आम्हांला वाटे, ही त्यांची शिस्त. पुढे केव्हातरी कळले, की आमच्या वर्गातल्या एका मुलाला कानांनी कमी ऐकू येत असे. तो गुरुजींच्या ओठांकडे पाहून शब्द ओळखी. त्याने हे कोणाला सांगितले नव्हते आणि गुरुजींनीही त्याचा गवगवा केला नाही. त्यांनी फक्त फळ्याकडे तोंड करून बोलणे सोडून दिले. ऐकण्यासाठी दिसावे लागते, हा माझ्या व्यवसायातला पहिला धडा मला या खोलीत मिळाला. तो धडा होता हे समजायला मात्र पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरील व्यक्तीचे ओठ ‘ग’ म्हणत आहेत आणि ध्वनी मात्र ‘ब’चा लावला आहे, अशी योजना केली, तर पाहणाऱ्या बहुतेकांना ‘द’ ऐकू येतो. डोळे मिटले की पुन्हा ‘ब’. म्हणजे आपण ज्याला ‘ऐकणे’ म्हणतो, त्यात डोळ्यांचाही वाटा असतो. गुरुजींनी हा प्रयोग वाचला असण्याचा संभव नाही. त्यांनी समोरच्या मुलाकडे पाहिले होते, एवढेच.

आता माझ्या कामाविषयी थोडे. चित्रपटातील संवाद दोन रीतींनी तयार होतात. एक म्हणजे चित्रीकरण करतानाच नटांचा आवाज मुद्रित करायचा. त्याला आम्ही सिंक साउंड म्हणतो. दुसरी रीत डबिंगची. चित्रीकरण आटोपल्यावर बंद खोलीत पडद्याकडे पाहत तेच संवाद पुन्हा म्हणायचे. पहिल्या रीतीत माझ्यासारख्याची जबाबदारी मोठी असते. लांब काठीच्या टोकाला माइक बांधून तो नटाच्या डोक्यावर धरला जातो. त्या काठीला बूम म्हणतात आणि ती धरणाऱ्याला बूममन. हा मनुष्य कित्येक मिनिटे दोन्ही हात वर करून उभा राहतो. माझे टेबल त्याच्यापासून दूर, कधी भिंतीआड, कधी गोठ्यात, कधी दुसऱ्या खोलीत असते. त्याच्या कानाशी बोलण्याची सोय माझ्याकडे असते.

या कामाचा मूळ नियम सोपा आहे. माइक ओठांच्या जितका जवळ, तितका आवाज चांगला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते. भोवतालचा गलका मात्र तेवढाच राहतो. म्हणजे हातभर अंतरावरचा माइक दोन हात वर नेला, तर बोलणाऱ्याचा आवाज मागे जातो आणि जनरेटर, कावळे, रस्त्यावरची ट्रक पुढे येतात. एकदा मिसळलेला गलका नंतर पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. यंत्रे सुधारली आहेत. तरी धान्यात खडे मिसळू न देणे हे निवडत बसण्यापेक्षा केव्हाही बरे.

मग माइक अगदी जवळ का आणू नये? कारण चौकट. कॅमेरा जेवढे दृश्य टिपतो त्या चौकटीत माइकचे टोक शिरले, तर तो शॉट फुकट. म्हणून माइकची जागा चौकटीच्या कडेला लागून, पण कडेच्या बाहेर. ही कड हवेत आखलेली नसते. भिंग बदलले, कॅमेरा दोन पावले सरकला, नट उठून उभा राहिला की कडही हलते. ती कड ज्याला दिसते, तो माइक चार बोटांवर आणतो. ज्याला दिसत नाही, तो भीतीने माइक हातभर वर ठेवतो. चांगल्या आणि वाईट आवाजातला फरक पुष्कळदा एवढ्या हातभर अंतरात असतो.

याखेरीजही ध्वनिलेखकाला चित्र पाहिजे असते. आता कोण बोलणार, कोण वळणार, कोणाचा पदर कॉलर माइकवर घासणार, माइकची सावली भिंतीवर पडली की नाही, हे सारे त्याला घडण्याआधी कळले पाहिजे. दोन कॅमेरे चालू असतील, तर दोन चित्रे हवीत. एक कॅमेरा चेहरा जवळून घेतो आणि दुसरा सारे अंगण. अंगणाची चौकट माइकला वर ढकलते. चेहऱ्याची चौकट त्याला खाली बोलावते. या ओढाताणीचा निकाल आधी लावावा लागतो आणि न पाहता तो लागत नाही.

इतिहासाकडे वळले, तर कान आणि डोळे यांची ही सोयरीक आपल्याकडे जुनीच आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. स्टुडिओच्या शेजारून आगगाड्या जात, म्हणून त्याचे पुष्कळसे चित्रीकरण गाड्या थांबल्यावर रात्री करावे लागले. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. प्रभातच्या संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले हे मूळचे पडदे रंगवणारे कलावंत. बोलपटांचे युग सुरू झाल्यावर त्यांनी ध्वनिलेखनाची विद्या आत्मसात केली आणि पुढे फत्तेलालांच्या जोडीने १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. चित्रकाराचे डोळे असलेला मनुष्य ध्वनिलेखक झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दामल्यांना चौकट म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागले नसेल.

पुढच्या काळात ही सोयरीक सैल झाली. बाहेरच्या चित्रीकरणासाठी हलके कॅमेरे आले. ते सोयीचे होते, पण त्यांचा खडखडाट मोठा. अशा कॅमेऱ्याशेजारी स्वच्छ आवाज मिळणे दुरापास्त, म्हणून डबिंगची रीत रूढ झाली. सेटवर मुद्रित होणारा आवाज केवळ खुणेपुरता उरला, आणि ज्याचे काम खुणेपुरते, त्याला चित्र तरी कशाला दाखवायचे? ध्वनिलेखक कोपऱ्यात गेला तो या काळात. पुष्कळ वर्षांनी वारे फिरले. २००१ सालच्या ‘लगान’चे संवाद कच्छच्या माळावर चित्रीकरण चालू असतानाच मुद्रित झाले आणि मोठ्या हिंदी चित्रपटांतही हे शक्य आहे असा विश्वास आला. २००९ सालच्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रीकरणस्थळावरील ध्वनिलेखनाचा स्वतंत्र विचार सुरू झाला. मराठीपुरते बोलायचे, तर मेंढपाळ कुटुंबाची कथा सांगणाऱ्या ‘ख्वाडा’ला २०१४ सालच्या चित्रपटांत याच कामाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उघड्या रानात, वाऱ्यात, मेंढरांच्या कळपात माणसाचे बोलणे टिपणे किती कठीण, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला तरी समजावून सांगावे लागू नये.

सेटवर दूरदर्शनसारख्या पडद्यावर चित्र पाहण्याची प्रथा अमेरिकेत अभिनेते-दिग्दर्शक जेरी लुईस यांनी १९६० साली ‘द बेलबॉय’ करताना वापरली आणि पुढे ती जगभर पसरली. फिल्मच्या कॅमेऱ्याला लहानसा व्हिडिओ कॅमेरा जोडीत आणि त्याचे चित्र दिग्दर्शकाजवळच्या मॉनिटरवर येई. ध्वनिलेखकालाही त्यातूनच एक तार मिळे. माझ्याजवळ नऊ इंची, जडशीळ, जुना मॉनिटर होता. एका तारेवर चित्र येई. तार लांब झाली तर चित्र थोडे फिके पडे, मुंग्या दिसत, पण दिसे. तार कमी पडली तर हाताने जोडावी, असा तो सुटसुटीत कारभार होता. त्याचे दोष मात्र दोन होते. एक, चित्र अंधूक. माइकचे टोक आणि मागचे काळे दार यांत फरक कळेना. दुसरा दोष अधिक लबाड होता. काचेच्या नळीचे ते जुने मॉनिटर चित्राच्या चारही कडा थोड्या कापून दाखवीत. म्हणजे ज्या कडेसाठी आम्ही डोळे ताणत होतो, ती कडच त्यात नसे.

त्यानंतर डिजिटल कॅमेरे आले. जुन्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू असत. नव्यात १९२० आणि १०८०. गुणाकार करून पाहावा, बिंदू बरोबर पाचपट भरतात. ही हाय डेफिनिशन चित्रे पाठवायला दर सेकंदाला सुमारे दीड अब्ज अंकांचा प्रवाह तारेतून न्यावा लागतो. माझ्या जुन्या मॉनिटरला ही भाषाच कळत नव्हती. पाचपट स्वच्छ चित्र जन्माला आले आणि त्याच दिवशी माझ्या टेबलावर अंधार पडला.

आता मला माझी चूक सांगितली पाहिजे. २०११ सालची गोष्ट. आपल्याच सीमाभागातील एका खेड्यात एका चित्रपटाचे काम चालू होते. चित्रपटाचे आणि मंडळींचे नाव मी घेत नाही. त्यांच्यापैकी कोणी वाईट मनुष्य नव्हता. कॅमेरा नवा होता आणि त्यातून केवळ हाय डेफिनिशन चित्र निघत असे. तसा जादा मॉनिटर मिळावा म्हणून मी व्यवस्थापकांना विनंती केली. त्यांनी हसून विचारले, ‘आवाजवाल्याला चित्र कशाला?’ भाड्याचा आकडा त्यांनी सांगितला. तो खरोखरच जबर होता. मी गप्प बसलो. गप्प बसण्याची मला सवयच होती.

एका प्रसंगात गावातल्याच एका आजींना घेतले होते. मुलगा कामासाठी शहराकडे निघतो आणि आई त्याला निरोप देते, एवढाच तो प्रसंग. लिहून दिलेला संवाद आजींना पाठ होईना. दिग्दर्शकांनी शहाणपणा केला; ते म्हणाले, ‘आजी, तुमचा लेक निघाला तर तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.’ कॅमेरा चालू झाला. आजी मुलाकडे पाहत राहिल्या. मग आपल्या इकडचे, अर्धे मराठी, अर्धे कानडी, मधून दखनीचा ‘हौ’ असे काही बोलल्या; मुलाला ‘अप्पा’ म्हणाल्या, आणि शेवटचे वाक्य तर जवळजवळ पुटपुटल्या. सेटवरील माणसे स्तब्ध झाली. तो शॉट पुन्हा होणे शक्य नव्हते. प्रयत्न झाला, पण आजींना पुन्हा तसे बोलता आले नाही. जो निरोप एकदा मनापासून दिला, तो दुसऱ्यांदा कसा द्यावा?

मी भिंतीआड बसलो होतो. चौकटीची कड मला दिसत नव्हती आणि बूममनलाही दिसत नव्हती. शॉट बिघडू नये म्हणून मी त्याला माइक वर ठेवायला सांगितले होते. प्रत्यक्षात तो शॉट आजींच्या चेहऱ्याचा होता. माइक हातभर खाली आणायला पुष्कळ जागा होती. हे मला संध्याकाळी कळले, दिग्दर्शकांच्या पडद्यावर. माझ्या मुद्रणात आजींचे ते शेवटचे वाक्य जनरेटरच्या घरघरीखाली गेले होते.

पुढे संवाद डबिंगने भरून काढण्यात आले. शहरातील एका कसलेल्या अभिनेत्रीने ते म्हटले. तिने काम चोख केले. परंतु चित्रपट गावात दाखवला गेला, तेव्हा आजी शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘तोंड माझं, पण बोलणं कुणाचं रे?’ त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. ते माझ्याजवळ नव्हते. आजही नाही.

या प्रसंगाचा दोष मी व्यवस्थापकांवर टाकीत आलो. पुष्कळ दिवसांनी मनाशी कबूल केले, की तो दोष निम्मा माझाच होता. चित्र मिळत नाही म्हणून हात जोडून बसणे माझ्या कामाला शोभणारे नव्हते. आजींच्या अंगावर एक कॉलर माइक लावायला हवा होता. शॉट लागण्यापूर्वी कॅमेऱ्याजवळ जाऊन ‘चौकट कोठवर आहे?’ एवढे विचारायला हवे होते. आणि भाड्याचा आकडा ऐकून गप्प बसण्याऐवजी स्वस्तात काय करता येईल, हे शोधायला हवे होते. हा शोध मी त्यानंतर केला. त्याचा वृत्तान्त येथे थोडक्यात सांगतो, कारण तो आमच्या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या उपयोगाचा आहे.

कॅमेऱ्यातून हे चित्र दोन प्रकारच्या तारांनी बाहेर येते. एक एचडीएमआय, म्हणजे आपल्या घरच्या टीव्हीला असते ती. ती स्वस्त, पण लांब पल्ल्याला कच्ची. दहा-पंधरा मीटरनंतर तिचा भरवसा धरू नये, आणि तिचे टोक अडकून राहत नसल्याने कोणाचाही पाय लागून निसटते. दुसरी एसडीआय. तिच्या टोकाला बीएनसी नावाची, फिरवून घट्ट बसणारी कडी असते. या तारेचा विद्युत्-रोध ७५ ओहम असावा लागतो. आता गंमत पाहा. गावोगावी छपरावरील डिशपासून टीव्हीपर्यंत जी काळी केबल आलेली असते, तीही ७५ ओहमचीच. तिला आरजी-६ म्हणतात. सिनेमाच्या दुकानात जी तार महाग मिळते, तिची ही गावाकडची चुलत बहीण आहे. चांगल्या प्रतीची केबल घेऊन, सीसीटीव्हीच्या दुकानातील बीएनसी टोके तिला नीट दाबून बसवली, तर तीस-चाळीस मीटरपर्यंत हाय डेफिनिशन चित्र मी निर्धास्तपणे नेले आहे. पहिली तार मी डिशवाल्या कारागिराकडूनच बनवून घेतली. त्याने विचारले, ‘कोणतं चॅनल बघणार?’

तारेच्या दुसऱ्या टोकाला सात इंची सपाट मॉनिटर. हा बहुधा छायालेखकांच्या वापराचा असतो. त्यात एचडीएमआयचीच सोय असेल, तर मध्ये एक लहानसे रूपांतरक यंत्र लागते. माझा मॉनिटर दहा-बारा हजारांना, रूपांतरक पाच-सहा हजारांना पडला; तारा, टोके, बॅटऱ्या धरून वीस हजारांच्या आसपास खर्च झाला. किमती बदलत राहतात, परंतु प्रमाण ध्यानात यावे. जे काम लाखांच्या सामग्रीवाचून होत नाही असे मी समजत होतो, ते एका बऱ्या दुभत्या म्हशीहून कमी पैशांत झाले.

बिनतारी साधनेही आता स्वस्त होत आहेत. पन्नास हजारांच्या आसपासची काही यंत्रे एकाच वेळी दोन-चार जणांच्या मोबाइलवर चित्र पाठवतात. ती सोय मोहात पाडणारी आहे, म्हणून तीन इशारे देतो. पहिला, मोबाइलवरील चित्र उशिरा पोहोचते. कधी दोन, कधी चार फ्रेम, कधी त्याहून अधिक. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. तेवढ्या वेळात आवाज सुमारे चौदा मीटर चालून जातो. ओठ मागाहून हलताना पाहून मुद्रण बिघडले असा भ्रम होतो. तेव्हा चौकट अशा चित्रावर पाहावी, ओठांचा मेळ मात्र पाहू नये. दुसरा इशारा, तारेवरचे जुने चित्र हळूहळू फिके पडत असे. डिजिटल चित्र शेवटच्या क्षणापर्यंत उत्तम दिसते आणि एकदम नाहीसे होते. म्हणून तार नेहमी पेटीत असावी. तिसरा, चित्र पाठवणारे यंत्र बिनतारी माइकच्या रिसीव्हरला खेटून ठेवू नये. डोळ्यांची सोय करताना कानांचे नुकसान व्हायचे.

आणखी एक खबरदारी. पुष्कळ नवे कॅमेरे चौकटीबाहेरचाही थोडा भाग दाखवतात आणि आत रेघ आखून खरी चौकट सांगतात. ही रेघ ध्वनिलेखकाच्या पडद्यावर येते की नाही, हे सकाळीच विचारून घ्यावे. रेघेबाहेरचा भाग दिसणे हे आमच्यासाठी वरदान आहे. माइक आत शिरण्यापूर्वीच येताना दिसतो.

ही सामग्री जुळल्यावर मी बूममनलाही एक लहान पडदा दिला. पहिल्या दिवशी त्याने माइक जितका खाली आणला, तितका तोपर्यंत कधीही आणला नव्हता. मी हेडफोनमध्ये नटाचा श्वास ऐकला. दुपारी जेवताना तो म्हणाला, ‘साहेब, इतकी वर्षं मी आंधळ्यासारखी काठी धरत होतो.’ त्या वाक्याने मला आनंद झाला आणि लाजही वाटली. मला चित्र मिळत नाही म्हणून मी कुरकुरत होतो. माझ्याहून अधिक ज्याला ते हवे होते, त्याचा विचार मी कधी केला नव्हता.

असो. आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. हे दुबलगुंडीत कोणाच्या उपयोगाचे?

आपला हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. नकाशावरच्या रेघा सरकल्या. माणसे मात्र आपापल्या जागी होती आणि आपापल्या तऱ्हेने बोलत होती. बाजारात कानडी, घरात मराठी, कचेरीच्या जुन्या कागदांत उर्दू, असा आपला व्यवहार. जवळच माणिकनगरला माणिकप्रभूंनी एकाहून अधिक भाषांत पदे रचली. बसवकल्याणला बसवेश्वरांच्या काळी सर्व थरांतील शरणांनी आपापल्या बोलीत वचने सांगितली. या भूमीत भाषा एकमेकींना पारख्या नाहीत. तथापि, ही मिसळण पुस्तकात नाही. ती कोणत्याही एका राज्याच्या पाठ्यपुस्तकात मावत नाही. ती केवळ माणसांच्या तोंडी आहे, आणि तोंडचे बोलणे तोंडाबरोबरच जाते.

चित्रपटात आपल्या भागातील मनुष्य दिसतो तेव्हा त्याचे बोलणे पुसून तेथे पुण्या-मुंबईचे वा बंगळूरचे बोलणे बसवले, तर त्याचा चेहरा तेवढा उसना घेतल्यासारखे होते. याउलट २०१४ सालच्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा भाषा जशा मुंबईच्या न्यायालयात कानी पडतात तशाच शेजारी शेजारी नांदतात. त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिसळण हा दोष मानण्याचे कारण नाही. ती स्वच्छ ऐकू आली पाहिजे एवढेच. आणि ती स्वच्छ ऐकू यायची, तर भिंतीआड बसलेल्या कोणाला तरी बोलणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. वीस हजारांच्या त्या पेटीचा आणि आपल्या गावच्या बोलीचा संबंध हा असा आहे.

म्हणून शाळेपुढे एक नम्र सूचना ठेवतो. चित्रपट काढायला मी सांगत नाही. मोठ्या वर्गातील मुलांनी दर सुट्टीत आपापल्या घरातील आजी-आजोबांचे बोलणे मुद्रित करावे. आजकाल मोबाइल बहुतेक घरांत आहे आणि शंभर-दोनशे रुपयांचा कॉलर माइकही मिळतो. नियम तीनच. माइक ओठांच्या जवळ, वीतभर अंतरावर असावा. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करावा. २०१७ पासून बिदर-कलबुर्गी मार्गावर गाड्या धावू लागल्या आहेत, तेव्हा रुळाजवळच्या गावांत गाडीची वेळही टाळावी, आलम आरावाल्यांनी टाळली तशी. आणि तिसरा नियम, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे, मोबाइलकडे नव्हे. आपण पाहतो आहोत असे दिसले की मनुष्य खरे बोलतो. ही मुद्रणे शाळेत तारीख घालून, बोलणाऱ्याचे नाव त्याच्या अनुमतीने लिहून, दोन ठिकाणी जपून ठेवावीत. पन्नास वर्षांनी त्यांचे मोल आपल्या साऱ्यांच्या हिशेबापलीकडचे असेल.

त्या आजींविषयी एक शेवटचे सांगतो. त्या आता नाहीत. त्या गेल्याचे कळल्यावर मी जुन्या पेटीतून २०११ चे ते मूळ मुद्रण काढले, जनरेटरची घरघर होईल तितकी खाली आणली आणि त्यांच्या नातवाला नेऊन दिले. शेवटचे वाक्य अजूनही पुरते कळत नाही. नातवाने डोळे मिटून दोनदा ऐकले. मग त्याने चित्रपटातील तो प्रसंग मोबाइलवर काढला, त्याचा आवाज बंद केला, आणि आजीच्या ओठांकडे पाहत माझे मुद्रण तिसऱ्यांदा ऐकले. ‘कळलं,’ तो म्हणाला. काय कळले, हे मी विचारले नाही. ते त्याच्या घरचे होते.

गुरुजी फळ्याकडे तोंड करून कधी बोलले नाहीत. आपणही बोलणाऱ्याकडे पाठ करून ऐकू नये, एवढेच मला आज सांगायचे होते.